वाळलेली घोडी अंग कसे धरते?

मार्गशीर्षातली पौर्णिमा जवळ आली की खान्देशातल्या रस्त्यांवरून घोड्यांचे ट्रक जाऊ लागतात. वाट सगळ्यांची एकच, तापीकाठचे सारंगखेडे. दत्तजयंतीला तेथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तोवर हे गाव धुळे जिल्ह्यात होते. मारवाडी, काठेवाडी, पंजाबातले पांढरे नुकरे अशी देशभरची जनावरे तेथे उतरतात. श्रीमंतांचे घोडे लाखांत जातात, त्यांची चित्रे वर्तमानपत्रांत येतात. पण बाजाराच्या कडेला, बाभळीच्या सावलीत, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी काही जनावरेही उभी असतात. त्यांची चित्रे कोणी छापत नाही. गरिबाच्या घरी जाते ते जनावर बहुधा त्यांतलेच.

आज आपण अशाच एका जनावराचा विचार करू. त्यासाठी एक घर डोळ्यांसमोर आणू. घर असोद्याचे, जळगावापासून हाकेच्या अंतरावरचे. हे गाव बहिणाबाई चौधरींचे माहेर आणि भरताच्या वांग्यांसाठी पंचक्रोशीत नावाजलेले. घरात आबा आहेत, आजी आहे, थोरला मुलगा आहे, सूनबाई आहे, शाळेत जाणारा नातू आहे. शेती थोडी, म्हणून लग्नसराईत वरातीला घोडी द्यायची हा जोडधंदा. जुनी घोडी म्हातारी झाली आणि थोरल्याने सारंगखेड्याहून स्वस्तात एक नवी आणली. अंगाने उंच, डोळ्यांत पाणी, पण पाठीचा कणा वर आलेला, पुठ्ठे बसलेले, बरगड्या उघड्या. नाव ठेवले चांदणी.

थोरल्याने माघातल्या दोन वरातींचा इसारही घेऊन ठेवला होता. "आबा, हरभरा आहे, गूळ आहे. महिनाभरात भरवून टाकू," तो म्हणाला. आबा घोडीच्या पाठीवरून हात फिरवीत म्हणाले, "भाऊ, हे पोते नाही, भरले की भरले म्हणायला."

आबांच्या या एका वाक्यात आजचा सगळा विषय आला. घोडी वाळली ती महिनोन्‌महिने लागून. तिला आठवड्यात भरवू गेले तर ती अंग धरत नाही, उलट हातची जाते. का ते पाहू.

आधी कारण, मग चारा

घोडे वाळले की आपण आधी चंदीच्या पोत्याकडे धावतो. पण चारा पुढे असूनही जनावर वाळते, तेव्हा दोष पोत्यात नसतो. चार ठिकाणी पाहावे.

पहिले ठिकाण तोंड. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि चावून झिजत राहतात. झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडेला धारदार टोके निघतात. ती गालाला आणि जिभेला टोचतात. मग घोडी घास घेते, थोडा चावते आणि अर्धवट चावलेला गोळा खाली टाकते. गव्हाणीखाली असे ओले गोळे दिसले, लिदीत अख्खे दाणे दिसले, खाताना मान तिरकी होऊ लागली की दाताचे दुखणे समजावे. पशुवैद्य तोंडाला फाळका लावून कानशीने ही टोके घासून देतात. मग घोडी नीट चावू लागते. दात न पाहता चंदी वाढवणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे.

दुसरे ठिकाण पोट, म्हणजे जंत. आपण खाऊ घालतो त्यातले बरेचसे तेच खातात. केस रुक्ष, पोट मोठे आणि पाठ मात्र वाळलेली, ही त्यांची खूण. जंतांचे औषध वजनावर ठरते. अंदाजाने कमी दिले तर जंत मरत नाहीत आणि औषधाला सरावतात. फारच अशक्त घोडीला पहिल्याच दिवशी जोरकस औषध देणेही बरे नव्हे. कोणते, किती आणि केव्हा ते पशुवैद्याला लीद दाखवून ठरवावे. आणि ठाणातली लीद रोज उचलावी, कारण जंतांची अंडी तिच्यातूनच पसरतात.

तिसरे ठिकाण रक्त. पावसाळ्यात आणि त्यानंतर मोठ्या गोमाश्या चावतात, त्यांच्यातून सर्रा नावाचा रोग पसरतो. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या वेल्श पशुवैद्याने डेरा इस्माईलखान भागातल्या घोड्या-उंटांच्या रक्तात याचे जंतू प्रथम पाहिले. या रोगात ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. घोडी खाते, तरी वाळत जाते. पायांवर आणि पोटाखाली सूज दिसते. याला चाऱ्याचा उपाय नाही. रक्त तपासावे लागते आणि त्याचे औषध आहे.

चौथे ठिकाण स्वतः गव्हाण. तेथे काय पडते, किती पडते आणि शेजारचे दांडगे जनावर त्यातले किती पळवते, हे दोन दिवस उभे राहून पाहावे. अंगावर पिणारे शिंगरू असले तर घोडीचा खाण्याचा पल्ला फार वाढतो हेही लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. बाजारातून आणलेले जनावर दोन-तीन आठवडे घरच्या जनावरांपासून दूर बांधावे. पाण्याची बादली आणि तोबराही वेगळा ठेवावा. नाकातून घट्ट शेंबूड, अंगावर गाठी वा फुटणारे फोड दिसले तर हात न लावता दवाखान्याला कळवावे. ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा एक रोग माणसालाही होतो आणि तो लपवणे गुन्हा आहे.

असोद्याच्या घरी दवाखान्याचे डॉक्टर आले. चांदणीच्या दाढा घासून झाल्या, लीद पाहून जंतांचे औषध झाले, रक्त स्वच्छ निघाले. आता चाऱ्याला अर्थ आला.

हात आणि फीत

घोडी वाळली किंवा भरली हे डोळ्याने कळत नाही. हिवाळ्यात केस वाढतात आणि बरगड्या झाकतात. म्हणून हात फिरवावा. एक सोपी खूण सांगतो. मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटे मुठीच्या हाडांवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर घोडी वाळलेली आहे. आता हात सरळ ठेवून त्याच्या पाठीवरून बोटे फिरवा. हाडे लागतात, पण मांसाखाली. बरगड्या अशा लागल्या तर घोडी ठीक आहे. याच कल्पनेवर अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये हेनेके या अभ्यासकाने आपल्या सोबत्यांसह १९८३ साली ९ पायऱ्यांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. १ म्हणजे नुसता सांगाडा, ९ म्हणजे चरबीचा गोळा, आणि ५ च्या आसपासचे घोडे चांगले. मान, खांद्याचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, पाठ आणि शेपटीचे मूळ अशा सहा जागी हात लावून पायरी ठरवतात. चांदणी २ आणि ३ च्या मध्ये होती.

वजनासाठी काटा लागत नाही. शिंप्याची फीत पुरते. हे काम आपल्या घरी सूनबाईने अंगावर घेतले. पुढच्या पायांच्या मागून, खांद्याच्या उंचवट्यामागून छातीचा घेर घ्यावा. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेराने गुणावे, आलेल्या आकड्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. येईल ते वजन किलोत.

चांदणीचा घेर १५० आणि लांबी १३८ भरली. हिशेब केला तर वजन २६१ किलो. तिच्या हाडापेराला ३०० किलो तरी हवे होते. सूनबाईने तारीख घालून आकडा गोठ्याच्या दारामागे खडूने लिहिला. फितीचा हिशेब काट्याइतका अचूक नसतो, पण दर वेळी त्याच माणसाने, त्याच वेळी, त्याच जागी फीत धरली तर वाढ होते की नाही हे नक्की कळते.

घोडा म्हणजे बैल नव्हे

आपली निम्मी चूक येथे होते. आपल्याला बैलाची सवय. बैलाला चार कप्प्यांचे पोट. तो भराभर गिळतो आणि मग निवांत रवंथ करतो. घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर अंगाच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचे. म्हणून त्याला निसर्गाने थोडे थोडे, पण दिवसभर खायला शिकवले आहे. मोकळा सोडला तर घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो.

चारा पचतो तो पुढे, मोठ्या आतड्यात. तेथे कोट्यवधी सूक्ष्म जीव काडीचे अन्न करतात. दाणा मात्र त्याच्या आधी, लहान आतड्यात पचायला हवा. एका वेळी फार दाणा दिला की तो अर्धा कच्चा राहून मोठ्या आतड्यात उतरतो. तेथे तो आंबतो, वायू धरतो, आम्ल होते, चारा पचवणारे जीव मरतात. मग पोटशूळ उठतो किंवा टापांच्या आत सूज येऊन घोडा कायमचा लंगडा होतो. पोळ्याला पुरणपोळ्या जास्त झालेला बैल आपण पाहिलेला असतो. घोड्याचे त्याहून वाईट, कारण घोड्याला ओकारी होत नाही. आत गेले ते पुढेच जावे लागते.

यावरून तीन नियम निघतात. पहिला, आधी चारा, मग चंदी. दुसरा, चंदी थोडी आणि अनेक वेळा. ३०० किलोच्या जनावराला एका वेळी एक किलोच्या वर दाणा नको. तिसरा, कोणताही बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू. आतड्यातल्या जीवांना नव्या खाण्याची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात.

पहिले दहा दिवस

घोडी नुसती वाळलेली असेल तर पहिला आठवडा केवळ चांगला चारा आणि पाणी द्यावे. पण ती खरोखर उपाशी राहिलेली, अंगात मांसच नाही अशी असेल तर फार जपावे. उपाशी शरीराला एकदम दाणा मिळाला की रक्तातली क्षारद्रव्ये ढळतात आणि जनावर खाऊ लागल्यावर तीन-चार दिवसांनी मरते. लोक म्हणतात, "खात होती हो, आणि अचानक गेली." अचानक नव्हे, तिला खाऊ घालण्याची घाई झाली म्हणून ती गेली.

अशा जनावरांसाठी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यकांनी अभ्यास करून रीत ठरवली. तिच्यात दाण्याला जागा नाही. पालेदार, वाळवलेला लसूणघास देतात आणि तोही मोजून. ३०० किलोच्या जनावराला पहिले तीन दिवस दर चार तासांनी सुमारे ३०० ग्रॅम, म्हणजे रात्रंदिवस मिळून सहा वेळा. पुढच्या आठवड्यात रोज थोडा वाढवीत वेळा कमी करायच्या. दहा दिवसांनी पोटभर चारा. सगळे पशुवैद्याच्या नजरेखाली. आपल्याकडे लसूणघास पाटाच्या पाण्यावर होतो, तो सावलीत वाळवला तर पाला गळत नाही.

चांदणी त्या अवस्थेला गेली नव्हती, तरी आबांनी दहा दिवस चंदीचे नाव काढू दिले नाही. लसूणघास, मारवेलचे वाळलेले गवत, भुईमुगाचा स्वच्छ पाला आणि दादर ज्वारीच्या कडब्याची कुट्टी. शिवाय पाणी. घोड्याला दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात आणि कामात त्याहून जास्त. पाणी कमी पडले की घोडे खाणे कमी करते आणि आतड्यात चारा अडकतो. बादली रोज धुवावी. थंडीच्या दिवसांत कोमट पाणी दिले तर जास्त पिते.

चंदीचा हिशेब

घोड्याचे रोजचे खाणे, पाणी वगळून, त्याच्या वजनाच्या शेकडा दोन ते अडीच भाग असावे. ३०० किलोला धरले तर ६ ते ७॥ किलो. त्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग नेहमी काडीचाच असावा. दहा दिवसांनी चंदी सुरू करून, पुढच्या तीन आठवड्यांत वाढवीत नेऊन, असोद्याच्या घरी रोजचा शिधा असा ठरला:

वाळला चारा (गवत, भुईमुगाचा पाला, कडबा कुट्टी) ५ किलो.
हिरवा लसूणघास ५ किलो, किंचित सुकवून.
हरभरा पाऊण किलो, रात्रभर भिजवून.
जव किंवा दादर ज्वारीचा भरडा पाऊण किलो.
गव्हाचा कोंडा अर्धा किलो.
जवस १०० ग्रॅम, उकळून.
गोडे तेल, पहिल्या आठवड्यात दोन चमचे, हळूहळू अर्धी वाटी.
मीठ ३० ग्रॅम.

चंदीचे तीन वाटे: सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर. रात्री निजण्याआधी पुन्हा एकदा गव्हाणीत चारा, कारण घोडे रात्रीही खाते.

आता प्रत्येकाचे कारण. हरभरा ही आपल्या मुलखाची जुनी चंदी. मराठ्यांच्या भीमथडी तट्टांपासून टांग्याच्या घोड्यांपर्यंत सर्वांनी तो खाल्ला. त्यात मांस धरायला लागणारे प्रथिन आहे. पण कोरडा हरभरा पोटात फुगतो, घशातही अडकतो. म्हणून भिजवावा आणि उन्हाळ्यात आंबूस वास आला तर टाकून द्यावा. जव आणि ज्वारी ताकद देतात. त्यांचा भरडा करावा, पीठ करू नये. पिठाचा लगदा होतो आणि नाकातही जातो.

कोंडा थोडाच बरा. त्यात स्फुरद फार आणि चुना कमी. नुसत्या कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडे ठिसूळ होतात आणि तोंडाची हाडे फुगतात. लसूणघासात चुना भरपूर, म्हणून या दोघांची जोडी जमते. जवसाने केसांना तकाकी येते. तो आधी चांगला उकळावा, नुसता भिजवून देऊ नये, कारण भिजल्या कच्च्या जवसात विष तयार होऊ शकते. हे काम आजीकडे होते. चुलीवर भाकरी झाल्या की निखाऱ्यावर जवसाचे पातेले चढे.

तेलाची गोष्ट पुष्कळांना नवी वाटेल. तेवढ्याच वजनाच्या दाण्याच्या दुपटीहून अधिक ताकद तेलात असते आणि ते आतड्यात आंबत नाही. म्हणून दाणा न वाढवता घोडी भरवायची तर तेल हा चांगला मार्ग. मात्र चमच्याचमच्याने वाढवावे. लीद पातळ झाली तर मागे यावे. खवट तेल किंवा तळणीचे उरलेले तेल कधीही देऊ नये.

हे मात्र नको

कोंबड्यांचे खाद्य घोड्याच्या तोंडाला लागू देऊ नये. त्यात मोनेन्सिनसारखी औषधे असतात. ती कोंबडीला चालतात, घोड्याच्या हृदयाला मारतात. काही ठिकाणी गुरांच्या तयार खाद्यातही ती घालतात, म्हणून गायीचे पोते घोडीपुढे ओतू नये. सरकी आणि सरकीची ढेप आपल्या कापसाच्या मुलखात घरोघर असते, पण ती गुरांसाठी ठेवावी.

बुरशी लागलेला मका तर घोड्याचा काळच. एका जातीच्या बुरशीचे विष घोड्याचा मेंदू नासवते. घोडा आंधळ्यासारखा भिंतीला डोके लावतो आणि दोन-तीन दिवसांत मरतो. पावसात भिजलेले कणीस "जनावराला चालेल" म्हणून बाजूला काढू नये. कुबट वासाचा भुईमुगाचा पाला आणि काळा पडलेला कडबा यांनाही हाच नियम. हिरवी कोवळी ज्वारी, विशेषतः पाण्याच्या ताणावरची किंवा खोडव्याची, घोड्याला वर्ज्य. तिच्यातल्या विषाची ओळख आपल्याला बैलांवरून आहेच.

संक्रांतीची संध्याकाळ

पाच आठवडे झाले. संक्रांत आली. घरात बाजरीच्या भाकरी, खिचडी, तिळगूळ. नातवाला वाटले, चांदणीचाही सण व्हावा. त्याने दुपारी उरलेल्या भाकरी आणि गुळाचा मोठा खडा घातला. शेजारच्या मुलांनीही आणून घातले. घोडीने सगळे खाल्ले. कोणाला सांगायचे कोणाला सुचले नाही.

दिवेलागणीला ती पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. वळून वळून आपल्या कुशीकडे पाहू लागली. बसली, उठली, लोळू लागली. अंगाला घाम. चंदीला तोंड लावीना आणि दुपारपासून लीद नाही. हा पोटशूळ. ही लक्षणे घरातल्या लहानमोठ्या सर्वांना पाठ असावीत, कारण या दुखण्यात वेळेवर सगळे आहे.

थोरला तेल पाजायला नाळ घेऊन आला. आबांनी त्याचा हात धरला. दुखण्यात तळमळणाऱ्या घोड्याच्या तोंडात ओतलेले औषध फुप्फुसात जाते आणि पोटशूळातून वाचलेले घोडे त्याने मरते. आधी गव्हाण रिकामी करावी. चाऱ्याची एक काडीही पुढे ठेवू नये. लोळून जखमी होत असेल तर संथपणे चालवावे, पण दमवू नये. आणि लगेच पशुवैद्याला बोलवावे. पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा. केव्हापासून दुखते, काय खाल्ले, लीद केव्हा टाकली हे खरे खरे सांगावे. खाणे लपवले तर उपचार चुकतो.

नातू रडत रडत सगळे बोलला. त्याने सांगितले म्हणून डॉक्टरांना दिशा मिळाली. मध्यरात्रीनंतर चांदणीने लीद टाकली. आजी म्हणाली, "पोराला कोणी बोलायचे नाही. त्याने खरे सांगितले म्हणून घोडी उभी आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा नुसता चारा, आणि चंदी चमचाभरापासून पुन्हा वर.

इसार परत

माघ आला. फितीने आकडा सांगितला. पहिल्या महिन्यात घेर १५० चा १५१, वजन २६१ चे २६५. थोरला हिरमुसला. एवढे करून चारच किलो! पण पहिल्या महिन्यात असेच होते. आधी आतडे सुधारते, रक्त सुधारते, मग मांस धरते. हेनेकेच्या मोजपट्टीची एक पायरी चढायला सहज दोन-तीन महिने लागतात. याहून वेगाने कोणी चढवून देतो म्हणेल तर त्याच्यापासून सावध राहावे.

प्रश्न होता तो दोन वरातींचा. घरात पैशाची निकड होती. "तासाभराची वरात, काय होते?" असे थोरल्याला वाटे. पण वरात म्हणजे नुसते चालणे नव्हे. पाठीवर नवरदेव, कानाशी बँड, फटाके, डांबरी रस्ता आणि रात्रीचे जागरण. पाठीवर मांस नसलेल्या घोडीला खोगीर हाडावर बसते, जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. शिवाय आजारी, अशक्त जनावराला कामाला जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आबांनी शेवटी एवढेच विचारले, "माघातल्या दोन वराती हव्यात, का पुढची दहा वर्षे?"

थोरला दोन्ही घरी गेला, हात जोडले आणि इसार परत केला. त्या महिन्यात घरात ओढ झाली. किराणा उधारीवर आला. ही गोष्ट आम्ही झाकून ठेवत नाही. जनावर सुधारायला चारा लागतो तसा धीर लागतो, आणि गरिबाच्या घरी धीराचीही किंमत मोजावी लागते.

दुसऱ्या महिन्यात घेर १५४, वजन २७५. तिसऱ्यात १५७, वजन २८६. म्हणजे तीन महिन्यांत २५ किलो. फाल्गुनात आबांनी तिला रोज सकाळी मोकळ्या रानात पाऊण तास चालवायला सुरुवात केली. नुसत्या खाण्याने चरबी येते. पाठीचे आणि पुठ्ठ्याचे मांस भरायला हलके काम लागते. रोज खरारा होऊ लागला. केस चमकू लागले. हात फिरवला की मुठीची हाडे लागत नव्हती, हाताची पाठ लागत होती. चांदणी आता ४ च्या पुढे होती. येथे शिधा थोडा आवरला. घोडी भरली तरी चंदी ओतत राहणे हीही एक चूक, कारण लठ्ठ घोड्याच्या टापा लवकर बिघडतात.

आखाजीला खान्देशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात आणि लग्नांची गर्दी होते. त्या दिवशी चांदणी पहिल्या वरातीला निघाली. सूनबाईने निघण्यापूर्वी सवयीने फीत लावली आणि दारामागे शेवटचा आकडा लिहिला. थोरल्याने मात्र दोन अटी आधीच सांगून ठेवल्या होत्या: घोडीच्या कानाशी फटाका नको आणि मध्ये एकदा पाणी पाजायला थांबायचे.

देशात घोडी आता फार उरली नाहीत. २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे-तट्टे होती, २०१९ च्या गणनेत ती साडेतीन लाखांच्याही खाली आली. टांगे गेले, मळ्यातले काम गेले. उरली आहेत ती बहुतेक अशाच लहान घरांच्या दाराशी. म्हणून वाचकहो, तुमच्या दारी वाळलेले घोडे असेल तर आज संध्याकाळी तीन गोष्टी करा. त्याच्या बरगडीवर हात ठेवा, गव्हाणीखाली पाहा आणि फितीने घेर मोजून तारखेसह लिहा. मग दवाखान्याला निरोप धाडा. चंदीचे पोते त्यानंतर उघडा. हे आज केले नाही, तर उद्याची धावपळ म्हणजे वरातीमागून घोडेच ठरेल.